आरसीची मुदत संपलेली गाडी रस्त्यावर: दंडापलीकडचा हिशेब

गाडी घेताना एकरकमी कर भरला की नोंदणीही कायमची झाली, असा समज महाराष्ट्रात फार पक्का आहे. तो चुकीचा आहे. खासगी मोटारीचा किंवा दुचाकीचा कर एकदाच भरला जातो हे खरे असले, तरी कर आणि नोंदणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कर राज्याच्या कायद्याखाली भरला जातो, तर नोंदणी केंद्राच्या मोटार वाहन कायदा, १९८८ या कायद्याखाली होते. या कायद्याच्या कलम ४१ नुसार खासगी वाहनाचे नोंदणी प्रमाणपत्र, म्हणजे ज्याला आपण आरसी किंवा आरसी बुक म्हणतो ते, दिल्याच्या तारखेपासून पंधरा वर्षे वैध असते, आणि त्यानंतर त्याचे नूतनीकरण दर वेळी पाच वर्षांसाठी करून घ्यावे लागते. ही शेवटची तारीख आरसीवर छापलेली असते. परंतु विम्याची आणि पीयूसीची तारीख दरवर्षी आठवणीत येते, तशी पंधरा वर्षांनी एकदाच येणारी ही तारीख येत नाही. त्यामुळे अनेक मालकांना ती पोलिसाने गाडी अडवल्यावर किंवा गाडी विकायला काढल्यावरच कळते.

मुदत संपल्यावर नेमके काय होते, हे समजून घेण्यासाठी केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ५२ पाहावा लागतो. प्रमाणपत्रावर लिहिलेली मुदत संपल्यानंतर खासगी वाहन कायद्याच्या दृष्टीने वैधरीत्या नोंदलेले मानले जाणार नाही, आणि नूतनीकरण होईपर्यंत ते सार्वजनिक ठिकाणी वापरता येणार नाही, असे हा नियम सांगतो. पुढचे सगळे परिणाम या तरतुदीतून निघतात. कायदा अशा वाहनाला ‘नोंदणी असलेले, पण कागद जुने झालेले वाहन’ मानत नाही, तर त्या काळापुरते नोंदणी नसलेले वाहन मानतो. कालपर्यंत वैध असलेली गाडी आणि शोरूममधून क्रमांक न घेताच बाहेर काढलेली गाडी यांच्यात, रस्त्यावर वापरण्याच्या प्रश्नापुरता, कायदा फारसा फरक करत नाही.

नोंदणी नसलेले वाहन चालवण्यास कलम ३९ मनाई करते. या कलमाची शब्दरचना लक्षपूर्वक वाचण्यासारखी आहे, कारण मनाई केवळ चालवणाऱ्याला नाही. मालकाने असे वाहन दुसऱ्याकडून चालवून घेणे किंवा चालवू देणे यालाही आहे. भावाने कामासाठी गाडी मागितली आणि आपण किल्ली दिली, तर गाडी चालवणारा भाऊ आणि किल्ली देणारे आपण असे दोघेही कलम ३९ च्या कक्षेत येतो. या मनाईच्या भंगाची शिक्षा कलम १९२ मध्ये आहे. पहिल्या गुन्ह्यासाठी किमान दोन हजार आणि कमाल पाच हजार रुपये दंड होतो. दुसऱ्या किंवा त्यानंतरच्या गुन्ह्यासाठी एक वर्षापर्यंत कारावास, किंवा पाच ते दहा हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. विशिष्ट कारणे नोंदवून न्यायालय यापेक्षा कमी शिक्षा देऊ शकते. हा गुन्हा तडजोडीने मिटवता येणाऱ्या गुन्ह्यांच्या यादीत असल्यामुळे बहुतेक प्रकरणे चलनाची रक्कम भरून संपतात आणि न्यायालयापर्यंत जात नाहीत.

येथे एक गल्लत वारंवार होताना दिसते. २०१९ च्या दुरुस्तीने कायद्यात कलम १९२ब आले. वार्षिक कराच्या पाचपट किंवा आजीवन कराच्या एक तृतीयांश, यांपैकी जी रक्कम जास्त असेल तितका दंड त्यात सांगितला आहे. हा आकडा पाहून जुन्या गाडीचे मालक घाबरतात. परंतु तो दंड गाडीच्या पहिल्या नोंदणीसाठी अर्जच न करणाऱ्या मालकासाठी आहे, पंधरा वर्षांनंतर नूतनीकरण राहून गेलेल्या मालकासाठी नाही.

दुसरी गल्लत याहून महत्त्वाची आहे. नूतनीकरणाचा अर्ज उशिरा करणे आणि मुदत संपलेली गाडी रस्त्यावर चालवणे या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. ज्याने आपली जुनी स्कूटर दोन वर्षे अंगणात झाकून ठेवली आणि एकदाही बाहेर काढली नाही, त्याने कलम १९२ खालचा गुन्हा केलेला नाही. मात्र अर्जाला झालेल्या उशिराचे शुल्क त्याला भरावेच लागते. याउलट, मुदत संपल्यावर तिसऱ्याच दिवशी जो गाडी घेऊन बाजारात गेला, त्याचे विलंब शुल्क फार तर एका महिन्याचे असेल, पण गुन्हा मात्र पूर्ण घडलेला आहे. मुदतीनंतर काही दिवस सवलतीचे असतात, अशी समजूत वाहन चालवण्याच्या परवान्याच्या जुन्या नियमावरून पसरली असावी. नोंदणीच्या बाबतीत असे सवलतीचे दिवस नाहीत.

दंडापेक्षा अधिक अडचणीचा अधिकार कलम २०७ मध्ये आहे. कलम ३९ चे उल्लंघन करून वाहन वापरले जात आहे असे मानण्यास कारण असेल, तर पोलीस अधिकारी किंवा प्राधिकृत मोटार वाहन अधिकारी ते वाहन जप्त करून अटकावून ठेवू शकतो. याच कलमात काही गुन्ह्यांसाठी एक सवलत आहे: चालवण्याचा परवाना नसणे किंवा व्यावसायिक वाहनाला परमिट नसणे अशा प्रकरणांत अधिकारी गाडीऐवजी तिची आरसी ताब्यात घेऊन गाडी सोडू शकतो. नोंदणीच नसलेल्या वाहनाला ही सवलत लागू करता येत नाही, आणि त्यात तर्कही आहे, कारण ताब्यात घ्यायला वैध आरसी मुळात असायला हवी. गाडी परत मिळवण्यासाठी मालकाला कागदपत्रांसह अर्ज करावा लागतो, आणि वैध नोंदणी हाच त्यातला नसलेला कागद असतो. प्रत्येक नाक्यावर गाडी जप्त होईलच असे नाही, पण तो निर्णय पूर्णपणे समोरच्या अधिकाऱ्याच्या हाती असतो. घरी आरसी बुक आहे, आणून दाखवतो, या उत्तरालाही आता अर्थ उरलेला नाही, कारण क्रमांक टाकताच ‘वाहन’ या संगणकीय नोंदवहीतील मुदतीची तारीख समोर येते.

कलम १९२ मध्ये एक अपवाद आहे आणि तो माणुसकीचा आहे. आजारी किंवा जखमी माणसाला नेण्यासाठी, संकटात सापडलेल्यांना अन्न किंवा साहित्य पोहोचवण्यासाठी, किंवा तशाच कारणासाठी औषधे नेण्यासाठी, तातडीच्या प्रसंगी असे वाहन वापरले तर ही शिक्षा लागू होत नाही. मात्र अशा वापराची माहिती सात दिवसांच्या आत प्रादेशिक परिवहन प्राधिकरणाला कळवण्याची अट त्याला जोडलेली आहे, आणि ती बहुतेकांना ठाऊक नसते.

आता विम्याकडे वळू. या विषयातील खरी जोखीम येथे आहे आणि तिची चर्चा सर्वांत कमी होते. विम्याचा हप्ता वेळेवर भरला आहे, पॉलिसी चालू आहे, तेव्हा नुकसान झाले तरी काळजी नाही, असे मालक गृहीत धरतो. पॉलिसीचे नूतनीकरण करताना नोंदणीची तारीख दर वेळी तपासली जातेच असे नसल्याने त्याच्या या समजुतीला पुष्टीच मिळते. परंतु सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल या समजुतीच्या विरुद्ध आहेत. पहिला निकाल २०१४ चा आहे. त्यातील वाहनाची तात्पुरती नोंदणी ११ जानेवारी २००६ रोजी संपली होती, कायमची नोंदणी झालेली नव्हती, आणि २ फेब्रुवारी २००६ रोजी वाहनाला अपघात झाला. नोंदणीशिवाय सार्वजनिक रस्त्यावर वाहन वापरणे हा कलम १९२ खालचा गुन्हा तर आहेच, शिवाय तो विमा कराराच्या अटींचा मूलभूत भंगही आहे, असे न्यायालयाने म्हटले आणि वाहनाच्या नुकसानीचा दावा नाकारणाऱ्या विमा कंपनीची बाजू मान्य केली.

दुसरा निकाल ३० सप्टेंबर २०२१ चा असून तो अधिक कठोर वाटतो. राजस्थानातील एका मालकाच्या नव्या बोलेरो गाडीची तात्पुरती नोंदणी १९ जुलै २०११ रोजी संपली. २८ जुलैच्या रात्री जोधपूरला अतिथीगृहाबाहेर उभी केलेली ती गाडी चोरीला गेली. नोंदणी आणि चोरी यांचा कार्यकारणसंबंध काहीच नव्हता. नोंदणी चालू असती तरी चोराने गाडी नेलीच असती. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने मालकाच्या बाजूने निकाल दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. गाडी नोंदणीशिवाय जोधपूरपर्यंत चालवत नेली गेली होती आणि चोरीच्या दिवशी ती वैधरीत्या नोंदलेली नव्हती, एवढा भंग दावा नाकारण्यास पुरेसा आहे, असा त्या निकालाचा आशय आहे.

ही दोन्ही प्रकरणे नव्या गाडीच्या तात्पुरत्या नोंदणीची आहेत, पंधरा वर्षे पूर्ण झालेल्या गाडीची नाहीत, हा फरक प्रामाणिकपणे सांगायला हवा, आणि एखाद्या प्रकरणात मालकाचा वकील त्यावर युक्तिवादही करू शकेल. परंतु नियम ५२ मुदत संपलेल्या गाडीला ‘वैधरीत्या नोंदलेली नाही’ असेच म्हणत असल्यामुळे विमा कंपनीच्या हाती असलेला मुद्दा तितकाच भक्कम राहतो. माझ्या मते नुकसानीशी संबंध नसलेल्या त्रुटीसाठी संपूर्ण दावा बुडणे हे ग्राहकाच्या दृष्टीने फार कडक आहे. तरी आज कायदा जिथे उभा आहे तो असा आहे.

वर सांगितलेले दोन्ही दावे मालकाच्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचे होते. अपघातात दुसऱ्या कोणाला इजा झाली किंवा मृत्यू आला, तर प्रश्न वेगळा होतो. तृतीय पक्षाचा विमा कलम १४६ नुसार सक्तीचा आहे आणि त्याचा हेतू जखमी माणसाला भरपाई मिळावी हा आहे. म्हणून मोटार अपघात दावा न्यायाधिकरणांसमोर, विम्याची अट मोडली गेली असली तरी, कंपनीने आधी पीडिताला रक्कम द्यावी आणि मग ती मालकाकडून वसूल करावी, असा मार्ग न्यायालयांनी अनेक प्रकरणांत काढला आहे. चालवण्याचा परवाना नसण्याच्या संदर्भात २००४ मध्ये आणि व्यावसायिक वाहनाला परमिट नसण्याच्या संदर्भात २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा मार्ग मान्य केला. नोंदणीच्या प्रकरणात न्यायाधिकरणाने तोच मार्ग धरला, तर जखमीला पैसे मिळतात, पण कंपनी ते मालकाकडे मागायला येते. कमावत्या माणसाच्या मृत्यूची भरपाई सहज लाखांत जाते, हे लक्षात घेतले की दोन हजारांचा दंड या सगळ्या हिशेबात किती किरकोळ आहे ते कळते.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. आरसीची मुदत संपली होती एवढ्यावरून अपघात आपल्याच चुकीने झाला असे सिद्ध होत नाही. निष्काळजीपणा गाडी कशी चालवली यावरून ठरतो, कागदांवरून नाही. परवाना नसलेल्या दुचाकीस्वाराच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये हेच तत्त्व मांडले: परवाना नव्हता म्हणून अपघातात त्याचाही वाटा होता, असे आपोआप धरता येत नाही. म्हणून मुदत संपलेल्या गाडीवर असताना दुसऱ्याने येऊन धडक दिली, तर स्वतःच्या दुखापतीची भरपाई मागण्याचा हक्क जात नाही. पोलिसांत तक्रार दिली तर आपलेच प्रकरण बाहेर येईल, या भीतीने अनेक जण गप्प बसतात आणि मोठा हक्क सोडून देतात.

नूतनीकरणाची पद्धत अवघड नाही, पण तिचा खर्च २०२२ पासून बराच वाढला आहे. मुदत संपण्याआधीच्या साठ दिवसांत नमुना २५ मध्ये अर्ज करता येतो. अर्ज आणि शुल्काचा भरणा परिवहन संकेतस्थळावर होतो, वेळ ठरवून घ्यावी लागते आणि गाडी प्रत्यक्ष तपासणीसाठी न्यावी लागते, जिथे चासी क्रमांक, दिवे, ब्रेक आणि गाडीची एकूण स्थिती पाहिली जाते. विमा आणि पीयूसी चालू असणे आवश्यक असते. १ एप्रिल २०२२ पासून दुचाकीचे नूतनीकरण शुल्क तीनशेवरून एक हजार रुपये आणि हलक्या मोटारीचे सहाशेवरून पाच हजार रुपये झाले. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने वीस वर्षांहून जुन्या वाहनांसाठी ते आणखी दुप्पट केले, म्हणजे दुचाकीला दोन हजार आणि मोटारीला दहा हजार. यावर महाराष्ट्राचा पर्यावरण कर वेगळा असतो. २०१० मध्ये तो आला तेव्हा पंधरा वर्षांवरील खासगी वाहनांसाठी दर पाच वर्षांना दुचाकीला दोन हजार, पेट्रोल मोटारीला तीन हजार आणि डिझेल मोटारीला साडेतीन हजार रुपये असा त्याचा दर होता.

खरा फटका मात्र विलंब शुल्काचा बसतो. ते दुचाकीसाठी दरमहा तीनशे आणि इतर खासगी वाहनांसाठी दरमहा पाचशे रुपये आहे, आणि महिन्याचा एखादा दिवस जरी उलटला तरी तो पूर्ण महिना धरला जातो. मुदत संपून तीन वर्षे झालेल्या दुचाकीचे विलंब शुल्कच १०,८०० रुपये होते. त्यात एक हजारांचे मूळ शुल्क आणि २०१० च्या दराने दोन हजारांचा पर्यावरण कर मिळवला की १३,८०० रुपये होतात, आणि अठरा वर्षांची दुचाकी बाजारात तेवढ्यालाही जाईल याची खात्री नसते. मोटारीच्या बाबतीत तीन वर्षांचा उशीर केवळ विलंब शुल्कापोटी अठरा हजार रुपयांना पडतो. जुनी वाहने रस्त्यावरून कमी व्हावीत हे सरकारचे धोरण या आकड्यांत उघड दिसते, आणि त्यात लपवण्यासारखेही काही नाही. सरकारने स्वतःला तर याहून कडक नियम लावला आहे: केंद्र आणि राज्य सरकारांच्या पंधरा वर्षांवरील वाहनांची नोंदणी १ एप्रिल २०२३ पासून नूतनीकृतच होत नाही.

तपासणीला गाडी नेताना एक विचित्र पेच येतो. नूतनीकरणासाठी गाडी आरटीओत हजर करावी लागते, आणि मुदत संपलेली गाडी रस्त्यावर आणता येत नाही. कलम १९२ मधील अपवादात आरटीओपर्यंतच्या प्रवासाचा उल्लेख नाही. शुल्क भरल्याची पावती आणि ठरलेल्या वेळेची चिठ्ठी जवळ असली तर अधिकारी सहसा समजून घेतील, अशी अपेक्षा ठेवता येते, पण ती कायदेशीर हमी नाही. ज्याला धोका पत्करायचा नाही त्याने गाडी टेम्पोत चढवून किंवा ओढून न्यावी. मुदतीच्या आत अर्ज केला तर हा पेचच येत नाही.

व्यावसायिक वाहनांचे गणित वेगळे आहे. रिक्षा, टॅक्सी, टेम्पो, ट्रक, बस यांच्यासाठी रोजच्या व्यवहारात महत्त्वाचे असते ते योग्यता प्रमाणपत्र, ज्याला सगळे ‘पासिंग’ म्हणतात. कलम ५६ नुसार ते नसेल तर व्यावसायिक वाहन वैधरीत्या नोंदलेले मानले जात नाही, त्यामुळे पासिंग संपलेला टेम्पो आणि आरसी संपलेली मोटार एकाच कलमाखाली येतात. आठ वर्षांपर्यंतच्या वाहनाचे पासिंग दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी करावे लागते.

मालकच हयात नसेल तर दोन कामे एकत्र येतात. वडिलांच्या नावावरची स्कूटर मुलगा वर्षानुवर्षे चालवतो, हे चित्र घरोघरी आहे. नियमानुसार वारसाने मृत्यूची माहिती तीस दिवसांत नोंदणी अधिकाऱ्याला द्यायची असते आणि तीन महिन्यांत नाव बदलण्यासाठी अर्ज करायचा असतो. तोवर तो वाहन वापरू शकतो, पण आरसीची मुदत चालू असेल तरच. दुसऱ्या राज्यातून आणलेल्या गाडीचीही अशीच स्थिती आहे. गोव्याच्या क्रमांकाची गाडी कोल्हापूर-सिंधुदुर्गात बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवली, तर कलम ४७ नुसार नवा क्रमांक घ्यावा लागतो, आणि त्यासाठी मूळ कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते. दिल्ली परिसरात दहा वर्षांवरील डिझेल आणि पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवर न्यायालयीन आदेशांनी निर्बंध आल्यावर तिथल्या स्वस्त गाड्या इतर राज्यांत विकल्या जाऊ लागल्या. अशी गाडी घेणाऱ्याने किमतीआधी आरसीवरील तारीख पाहावी.

नूतनीकरण परवडत नसेल तर गाडी नोंदणीकृत भंगार केंद्रात देता येते. तेथे मिळणाऱ्या ठेव प्रमाणपत्रावर नव्या खासगी गाडीच्या करात राज्य सरकार कमाल पंचवीस टक्क्यांपर्यंत सवलत देऊ शकते, अशी तरतूद केंद्रीय नियमांत २०२१ मध्ये झाली. गल्लीतल्या भंगारवाल्याला रोख घेऊन गाडी देणे सोपे वाटते, पण त्यात नोंद मालकाच्याच नावावर राहते. गाडी नष्ट झाली किंवा कायमची निकामी झाली, तर मालकाने चौदा दिवसांत नोंदणी अधिकाऱ्याला कळवून नोंदणी रद्द करून घ्यायची, असे कलम ५५ सांगते. हे न करता दिलेली गाडी जर कोणी दुरुस्त करून पुन्हा रस्त्यावर आणली आणि तिचा अपघात झाला, तर सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालानुसार भरपाईची जबाबदारी ज्याचे नाव नोंदवहीत आहे त्याच्यावर येते, मग त्याने ती गाडी कधीची का देऊन टाकलेली असेना.